ट्रेलर घेण्याआधी काट्यावर जा

पत्र थोडक्यात असं :

मावशी, नमस्कार. मी ३३ वर्षांचा, करवीर तालुक्यातला. दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून साडेतीन टनांचं मिनी पोकलेन घेतलं. काम बहुतेक घाटाखाली मिळतं. कणकवली, वैभववाडी, राजापूर. आंबा-काजूचे खड्डे, शेततळी, घरांचे पाये. मशीन न्यायला दर वेळी भाड्याचा ट्रक लागतो. जाऊन-येऊन साडेसहा हजार जातात आणि गाडी वेळेवर येईल याची खात्री नाही. मार्चमध्ये ट्रक दोन दिवस उशिरा आला आणि राजापूरचं पंधरा दिवसांचं काम दुसऱ्याकडं गेलं. माझा मावसभाऊ टेक्सासमध्ये असतो. तिकडं लोक मोठ्या डिझेल पिकअपला ट्रेलर जोडून याच्या दुप्पट वजनाची मशिनं नेतात. तो म्हणतो, पिकअप घे, ट्रेलर कोल्हापूरच्या उद्यमनगरात बनवून घे, कुणाच्या पाया पडायला नको. तर टोयोटाची हायलक्स घ्यावी की इसुझूची व्ही-क्रॉस? की तिकडचीच एखादी जुनी गाडी मागवता येईल? बायको म्हणते, आता आणखी कर्ज नको. घरात यावरून रोज बोलणं होतंय. तुम्ही गाड्यांच्या धंद्यात आयुष्य काढलंय म्हणून विचारतो.

— एक वाचक, करवीर

मावशी म्हणालास, तेव्हा अरे-तुरे करते. राग मानू नकोस.

राजापूरचं काम गेलं ते वाचून वाईट वाटलं. मशीन दारात उभं, डिझेल भरलेलं, ऑपरेटरची हजेरी चालू आणि ट्रकवाल्याचा फोन लागत नाही, हे मी दुसऱ्या बाजूनं पुष्कळ पाहिलंय. आमच्या सहा गाड्या होत्या आणि ऑफिसात फोन उचलायचं काम माझं होतं. समोरचा माणूस काय बोलायचा ते अजून कानात आहे. त्यामुळं स्वतःची गाडी असावी असं तुला वाटणं मला पटतं. पण पिकअप आणि ट्रेलरची जी जोडी तू मनात धरलीस ती या कामाला आणि या घाटाला घेऊ नकोस. का ते सविस्तर सांगते, कारण नुसतं नको म्हटलं तर तुझा मावसभाऊ उद्या आणखी एक व्हिडिओ पाठवेल.

सगळ्यात आधी काट्यावर जा. उसाच्या पट्ट्यातला माणूस तू, तुला काटापावती शिकवायला नको. भरलेली गाडी काट्यावर चढते, मग रिकामी चढते, वजाबाकी केली की निव्वळ माल. वाहन निवडायचं शास्त्र याच तीन आकड्यांत आहे. आरसी बुक काढून बघ. त्यात रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजनही लिहिलेलं असतं. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की ती गाडी पाठीवर किती घेऊ शकते ते कळतं. चालक, शेजारी बसलेला माणूस, टूलबॉक्स, डिझेलचे कॅन, सगळं त्यातच आलं. आणि ट्रेलरचा हूक गाडीला मागून खाली दाबतो, तो भारसुद्धा त्यातच मोजायचा. हे शेवटचं बहुतेकांना माहीत नसतं.

आता तुझ्या मशिनाचा हिशेब मांडू. कागदावर साडेतीन टन. त्यात वेगवेगळ्या मापाच्या दोन बकेटा, खडक फोडायचा ब्रेकर असेल तर तो, आणि टाकीतलं डिझेल. हे धरून मशीन पावणेचार टनांपर्यंत जातं. एवढं वजन पेलणारा दोन एक्सलचा ट्रेलर म्हटला तर तो स्वतः टनभर भरतो. म्हणजे मागं लागलेलं ओझं झालं पावणेपाच टन. ट्रेलर रस्त्यावर सरळ चालायचा असेल तर त्याच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा लागतो. तुझ्या बाबतीत तो पावणेपाचशे ते सातशे किलो. आपल्याकडं मिळणारी मोठी दिसणारी दुहेरी केबिनची पिकअप घे आणि तिच्या आरसीवरची वजाबाकी कर. पाठीवर घ्यायची तिची ताकद अर्ध्या टनाच्या आसपासच निघते. नुसता हूक अडकवला की ती संपली. अजून तू गाडीत बसलेला नाहीस.

जास्तीचा भार हुकावर आला की काय होतं ते तू गळीत हंगामात दरवर्षी बघतोस. उसानं भरलेल्या ट्रॉलीला चढ लागला की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. मग दोन पोरं बॉनेटवर जाऊन बसतात. पुढची चाकं जमिनीला नीट टेकत नाहीत, त्यामुळं स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जातो. ट्रॅक्टर ताशी पंधराच्या वेगानं चाललेला असतो, म्हणून बऱ्याचदा निभावतं. तीच गत साठच्या वेगात पिकअपची झाली तर बॉनेटवर कोण बसणार?

आणि भार कमी पडला तरी वाईटच. जागा करायची म्हणून मशीन ट्रेलरवर मागं सरकवलं तर हूक हलका होतो आणि ट्रेलर डुलायला लागतो. आधी थोडा, मग प्रत्येक झोक्याला जास्त. अशा वेळी चालक घाबरून गाडीचा ब्रेक दाबतो आणि तिथंच घात होतो, कारण गाडी थांबायला लागते आणि मागचं ओझं तिला ढकलत राहतं. त्या क्षणी ॲक्सिलरेटरवरचा पाय फक्त सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, आणि ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असला तर तेवढाच हलकेच लावायचा. सांगायला सोपं आहे. हायवेला बाजूनं कंटेनर जात असताना तेवढं भान राहत नाही.

हायलक्सबद्दल विचारलंस. गाडी उत्तम आहे यात शंका नाही. २.८ लिटरचं डिझेल इंजिन, २०४ पीएस (म्हणजे जवळजवळ तेवढेच हॉर्सपॉवर), ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर. व्ही-क्रॉसचं इंजिन १.९ लिटरचं, १६३ पीएस आणि ३६० न्यूटन-मीटर. पण ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्ये, जिथं हायलक्सला ट्रेलर लावणं रोजचं आहे, तिथंसुद्धा कंपनी तिला ३,५०० किलोपर्यंतच ओढायची परवानगी देते. तेही ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर. ब्रेक नसलेल्या ट्रेलरला तिथली मर्यादा ७५० किलो आहे. तुझं ओझं पावणेपाच टन. म्हणजे जी गाडी तू सगळ्यात दणकट म्हणून निवडलीस, तिला जगात जिथं सगळ्यात मोकळीक आहे तिथंही तुझा ट्रेलर सव्वा टनानं जड पडतो.

तरी तुला वाटेल की ती ओढेल. ओढेलही. कसबा बावड्याच्या रस्त्यावर हंगामात बघ, पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या भरून ऊस ओढतो. हायलक्सच्या चौथाई ताकदीत. ट्रॅक्टरचे गिअर खालचे, चाकं मोठी, अंगचं वजन मागच्या चाकांवर. ओझं जागचं हलवायला एवढं पुरतं, म्हणून हॉर्सपॉवरचा आकडा बघून गाडी घेणारा माणूस बहुधा फसतो. तुझं काम ओझं हलवण्यानं भागत नाही. ते तुला घाटाखाली उतरवायचंय.

गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना गाडी पाचशे मीटर खाली येते असं धरू. पिकअप सव्वादोन टन आणि मागचं पावणेपाच, मिळून सात टन. हे सात टन पाचशे मीटर उतरवताना जेवढी ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते, तेवढ्यात शंभर लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. पाच बंब पाणी. थोडी इंजिन घेईल, थोडी वारा घेईल, उरलेली सगळी उष्णता ब्रेकच्या लायनरमध्ये आणि ड्रममध्ये शिरते. ते ब्रेक कंपनीनं पिकअपसाठी बसवलेत, तिच्या मागच्या पोकलेनसाठी नाही.

१९९७ सालचा मे महिना. घाटाखाली एका लग्नाला जनरेटर पोचवायचा होता. ट्रक दुसरीकडं अडकलेला, म्हणून आमच्या पिकअपच्या मागं जनरेटरची ट्रॉली लावली. तीन टनांच्या आतलीच असेल. ट्रॉलीला ब्रेक नव्हते. हो म्हणून सांगणारी मीच होते. पाहुण्यांकडं मलाही जायचं होतं, म्हणून मी मागून जीपमध्ये होते. घाटाच्या मध्यावर आले तेव्हा नाकात जळका वास गेला, जुन्या सुती दोरीला आग लागावी तसा. पुढच्या वळणावर पिकअपचा लाल दिवा सतत पेटलेला दिसला आणि गाडीचा वेग मात्र कमी होईना. आमचे चालक जुने होते. त्यांनी दरीकडचा विचारच केला नाही, डोंगराच्या बाजूच्या गटारात डावी चाकं घातली आणि कड्याला गाडी घासत नेऊन थांबवली. मी पळत गेले तेव्हा मागच्या चाकांतून निळसर धूर येत होता. पिकअपमध्ये बसलेल्या पोरानं पाण्याचा कॅन उघडला, तर चालक केबिनमधूनच ओरडले, "पाणी वतू नगंस, ड्रम फुटंल!" तासभर आम्ही कठड्यावर बसून होतो. चालकांचे हात मांडीवर ठेवलेले होते आणि थरथरत होते. कोणी काही बोललं नाही. त्यांची दोन लेकरं तेव्हा शाळेत होती. त्या दिवसानंतर माझ्या ऑफिसातून ब्रेक नसलेली ट्रॉली घाटात गेली नाही.

म्हणून तुला आज एवढं लांबण लावून लिहितेय.

मावसभाऊ खोटं बोलत नाही, हेही सांगते. तिकडच्या ज्या गाड्या तो बघतो त्यांची जातच वेगळी आहे. फोर्ड एफ-३५० घे. ६.७ लिटरचं व्ही-८ डिझेल, ४७५ हॉर्सपॉवर, टॉर्क १,४०० न्यूटन-मीटरच्या वर, म्हणजे हायलक्सच्या जवळजवळ तिप्पट. रॅमला ६.७ लिटरचं कमिन्स सहा सिलिंडरचं इंजिन असतं, शेवरोलेला ६.६ लिटरचं ड्युरामॅक्स. पण इंजिनापेक्षा बाकीचं बघायला हवं. मागं चार चाकं असलेल्या एफ-३५०चं भरलेलं कमाल वजन ६,३५० किलोपर्यंत जातं, आपल्या सहाचाकी टेम्पोसारखं. जड ट्रेलरचा हूक ते बंपरला लावत नाहीत, हौद्याच्या मधोमध मागच्या एक्सलच्या डोक्यावर बसवतात. त्यामुळं गाडीचं तोंड उचलत नाही. ट्रेलरच्या चाकांना विजेवर चालणारे ब्रेक असतात आणि त्यांचा खटका चालकाच्या हाताशी असतो. हूक तुटला तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. डिझेल इंजिन पेट्रोलसारखं उतारावर गाडी धरून ठेवत नाही, म्हणून या गाड्यांना एक्झॉस्ट ब्रेक दिलेला असतो. तो धुराची वाट आवळून इंजिनालाच ब्रेक करतो. आणि गाडी-ट्रेलर मिळून ११.८ टनांच्या वर गेले आणि त्यात ट्रेलर साडेचार टनांच्या वरचा असला, तर तिथं ट्रकचालकाचं वेगळं लायसन्स काढावं लागतं. हे सगळं व्हिडिओत दिसत नाही, दिसते ती फक्त चकचकीत जाळी.

तो स्वतः तिकडं गाडी घेणार असेल तर त्यालाही माझ्याकडून सांग. जाहिरातीत छापलेला ओढण्याचा आकडा बाजूला ठेव आणि चालकाच्या दाराच्या खांबावरचं लेबल वाच. डिझेल इंजिन जड असतं, त्यात फोर व्हील ड्राइव्ह घेतली की गाडीचंच वजन वाढतं आणि पाठीवर घ्यायची क्षमता तेवढी घटते. एफ-२५० किंवा रॅम २५०० या वर्गातल्या गाड्यांत ओढायची ताकद शिल्लक असते आणि पाठ आधीच भरलेली असते, असं पुष्कळ वेळा होतं. ट्रेलर मोठा असेल तर ३५० किंवा ३५०० घेणंच शहाणपणाचं.

तिकडची जुनी गाडी इथं मागवायचा विचार सोड. जुनं वाहन आयात करायचं तर ते तीन वर्षांच्या आतलं लागतं आणि स्टिअरिंग उजवीकडं लागतं. त्यांची डावीकडं. वर जकात.

उद्यमनगरच्या वेल्डरांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. लोखंडाचं काहीही सांगा, ते करून देतात. पण ट्रेलर हे कायद्यानं वाहन आहे. त्याची मोटारीसारखीच स्वतंत्र नोंदणी लागते, त्याला आरसी लागते, विमा लागतो. मान्यता नसलेल्या घरगुती ट्रेलरची नोंदणी होत नाही. अपघात झाला तर विम्याचा माणूस आधी कागद मागतो, दवाखान्याचं बिल नंतर बघतो. क्षमतेबाहेर वजन भरलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०,००० रुपये दंड आहे आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,०००. शिवाय जादा माल तिथंच उतरवायला लावतात. घाटाच्या तोंडाशी पोकलेन उतरवून तू काय करणार?

मग काय घ्यावं? तुझ्या मशिनाला बरोबर बसणारी गाडी म्हणजे सहाचाकी टेम्पो, भरलेलं कमाल वजन साडेसात टनांच्या आतला. टाटा ७०९ च्या वर्गातला. चेसिस आणि बॉडी वजा जाता चार टनांच्या आसपास माल घेतो, म्हणजे तुझं पावणेचार टनांचं मशीन कागदावर बसतं. ४०७ घेऊ नकोस, तिला हे झेपणार नाही. मशीन पाठीवर असलं की ते गाडीच्याच ब्रेकवर थांबतं, आणि ते ब्रेक त्या वजनासाठीच केलेले असतात. वळणावर डुलणं नाही, घाटात मागं घ्यायची वेळ आली तर ट्रेलर वाकडा होणं नाही. लायसन्सची अडचण नाही. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस साडेसात टनांपर्यंतचं मालवाहू वाहन चालवू शकतो. घेताना एक्झॉस्ट ब्रेक आहे का ते विचार, आणि मशीन चढवायच्या फळ्यांचं वजन धरून पासिंग करून घे.

एकच अडचण मोठी आहे, ती म्हणजे उंची. ट्रेलरची फळी गुडघ्याला लागते, टेम्पोची कमरेच्या वर. मीटरभर उंचीला तीन मीटरच्या फळ्या लावल्या तरी चढ वीस अंशांच्या जवळ जातो. रबरी ट्रॅक आणि पावसात ओलं झालेलं लोखंड यांचं बिलकूल जमत नाही. फळ्यांवर आडव्या पट्ट्या वेल्ड करून घे आणि फळ्यांचं वरचं टोक गाडीला साखळीनं बांध, नाहीतर मशीन चढताना फळी मागं सरकते. चढवताना टेम्पोच्या मागच्या बॉडीखाली ठोकळे लाव, कारण मशिनाचं सगळं वजन एका क्षणी गाडीच्या शेपटीवर येतं आणि पुढची चाकं उचलतात. शेतात गेलास तर बांध शोध. टेम्पो बांधाला उलटा लावला की फळी जवळजवळ सपाट बसते आणि पोरगंही मशीन चढवेल. वर गेल्यावर बकेट आणि पुढचं पातं खाली टेकव, चारी कोपऱ्यांना साखळ्या आणि त्या आवळायचे लोड बाइंडर लाव. दोरखंड नको. पाच किलोमीटर गेल्यावर थांबून साखळ्या पुन्हा आवळ, त्या सैल झालेल्या असतातच.

आता बायकोचं म्हणणं. तिच्याकडं नीट कान दे, कारण हिशेब तिच्या बाजूनं आहे. घाटाखाली जूनपासून सप्टेंबरपर्यंत तुझं काम बंदच धर. उरले आठ महिने. महिन्याला पाच-सहा फेऱ्या म्हणजे वर्षाला पंचेचाळीस. साडेसहा हजारांनी भाडं झालं २ लाख ९२ हजार. नवा टेम्पो घेऊन १४ लाखांचं कर्ज पाच वर्षांचं काढलंस तर हप्ता तीस हजारांच्या आसपास बसेल, वर्षाचे ३ लाख ६० हजार. विमा, टॅक्स, टायर, फिटनेस मिळून लाखभर. झाले ४ लाख ६० हजार. कणकवलीला जाऊन यायला सव्वादोनशे किलोमीटर, डिझेल २,८०० च्या घरात. म्हणजे तू स्वतः चालवलास तर प्रत्येक फेरीला भाड्यातले ३,७०० वाचतात. त्यातून ४ लाख ६० हजार भरून काढायला सव्वाशे फेऱ्या लागतील. तुझ्या आहेत पंचेचाळीस. हायलक्स तीस लाखांच्या घरातली, तिचा हप्ताच महिन्याला चाळीस हजारांच्या वर जाईल, आणि मशीन तरीही दारातच राहील.

म्हणजे या हंगामात गाडी घेऊ नये असं मला वाटतं. मार्चमध्ये तुझं काम गेलं ते ट्रक वेळेवर न आल्यानं. तेव्हा दुरुस्ती तिथंच करायची. एकच ट्रकमालक धर, शक्यतो स्वतः गाडी चालवणारा. त्याला वर्षाच्या पंचेचाळीस फेऱ्यांचा शब्द दे, आणि तारखेला आला तर फेरीमागं पाचशे जास्त दे. वर्षाला साडेबावीस हजार जातील, राजापूरसारखं एक काम वाचलं तरी वसूल होतील. आमच्या ऑफिसात असे दोन-तीन गिऱ्हाईक होते. त्यांचा फोन आला की मी दुसऱ्याची गाडी रद्द करून त्यांना देत असे. नेहमीच्या माणसाला गाडीवाले असंच जपतात, फेरीपुरत्या माणसाला नाही.

पुढच्या मेपर्यंत वहीत प्रत्येक फेरी लिही. तारीख, ठिकाण, भाडं, किती तास उशीर. फेऱ्या ऐंशीच्या पुढं गेल्या, किंवा गावातल्या आणखी दोघांची मशिनं तू नेऊ शकशील असं दिसलं, तर पाच-सहा वर्षं वापरलेला सहाचाकी बघ. हप्ता निम्म्यावर येईल. तो बघायला जाताना ओळखीचा मेकॅनिक घेऊन जा आणि ड्रम उघडून बघितल्याशिवाय बयाणा देऊ नकोस. कोकणातून परत येताना जांभा मिळाला तर रिकामी फेरी वाचते, पण पासिंगपेक्षा एक दगड जास्त भरायचा नाही.

आणि हे काम आधी कर. पुढच्या वेळी मशीन ट्रकवर चढलं की गावाजवळच्या काट्यावर दोनदा थांब, मशीन घेऊन एकदा आणि मशीन उतरवून परत येताना एकदा. सगळ्या बकेटा, ब्रेकर, डिझेल, नेहमी जसं नेतोस तसंच. तुझं मशीन पावणेचार टन असेल असं मी वर अंदाजानं धरलंय. ते चार टन भरलं तर माझा ७०९चा सल्लाही बदलेल आणि एक पायरी वरची गाडी बघावी लागेल. दोन्ही पावत्यांचे फोटो पाठव, बायकोलाही दाखव. मग कोणती गाडी आणि किती लांबीच्या फळ्या ते आपण आकड्यावर बोलू.

— मावशी